लॉनच्या ट्रॅक्टरचा क्लच

सोमवार, ४ ऑक्टोबर २००४

आजपासून रोज लिहायचं. रेल्वेत असताना तीनदा सुरू केलं होतं, ड्यूटीमुळं राहिलं. व्हीआरएस घेऊन आता तीन वर्षं झाली, सबब उरली नाही. तंबाखूही आजपासून बंद.

पोपटरावांनी बोलावून घेतलं. भांडगावात हायवेला त्यांचं नवीन मंगल कार्यालय झालंय. तीन एकर लॉन, उरुळीहून कार्पेट गवत आणून लावलेलं. पहिलं लग्न २८ नोव्हेंबरला, त्यांच्याच पोरीचं, प्रांजलचं. दीड हजार पान. पोपटराव म्हणाले, शंकरराव, तुम्ही रेल्वेतले इलेक्ट्रिकवाले, मेन्टेनन्स सगळा तुमच्या अंगावर. मी म्हणालो, तुम्ही निवांत राहा. पदाचं नाव ठरलं नाही. मी 'इन्चार्ज' असं धरून चालतोय.

रेल्वेत मी ट्रेन लायटिंगला होतो. डब्यातले पंखे नि दिवे. दौंडात लोकांना वाटतं सोपं काम. डीसी करंट काय चीज आहे ते उन्हाळ्यात डब्याखाली झोपल्याशिवाय कळत नाही.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

मशीन पाहिलं. पुण्याकडच्या एका बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावातून आणलेला छोटा लाल ट्रॅक्टर, फॉरेनचा. माणूस वर बसतो, पोटाखाली पत्र्याचं मोठं झाकण, त्याला डेक म्हणतात. डेकच्या आत तीन पाती. इंजिन चालू करायचं, पिवळं बटण वर ओढायचं. इंजिनखालच्या क्लचमधलं मॅग्नेट कट् करून चिकटतं आणि पाती फिरतात. बटण दाबलं की पाती बंद. साधी गोष्ट.

चालवणारा भारत. भांडगावचाच, चाळिशीचा, आयटीआय फिटर, आधी कुरकुंभला कंपनीत होता. हाताखाली नकुशी म्हणून राहूची बाई. कडेचं गवत विळ्यानं काढते, कापलेलं दाताळ्यानं ओढून ढीग करते.

तक्रार अशी. वीस मिनिटं झाली की पाती आपोआप थांबतात. इंजिन चालूच असतं. अर्धा तास तसंच ठेवलं की परत फिरतात. भारत म्हणाला, क्लच तापून सोडतोय साहेब. मी म्हणालो, निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो.

फॉल्ट बॅटरीत आहे.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

पोपटरावांच्या सुमोची बॅटरी काढून मशीनला लावली. एकवीस मिनिटं चाललं. म्हणजे एका मिनिटाची सुधारणा. वहीत तक्ता आखला.

पोपटरावांना यवतला सावडायला जायचं होतं. सुमो निघाली नाही. मला आधी सांगायला पाहिजे होतं.

शनिवार, ९ ऑक्टोबर

फ्यूज शाबूत आहे, पण अशक्त वाटला. काढून जागेवर तांब्याची जाड तार टाकली. रेल्वेतही करायचो. (नियमात नव्हतं.)

एक गोष्ट खटकली. डेकखाली गवत अडकलं की भारत आधी इंजिन बंद करतो, चावी काढून खिशात घालतो, मग हात घालतो. दर वेळी. परत स्टार्टर मारायचा, परत बॅटरीवर ताण. त्याला सांगितलं, चावी मशीनलाच राहिली पाहिजे. तो बरं म्हणाला. नंतर पाहिलं तर चावी खिशातच.

अशा माणसांमुळं फॉल्ट सापडत नाहीत.

सोमवार, ११ ऑक्टोबर

भारत जेवताना मशीनचं मॅन्युअल वाचत बसतो. डब्यातल्या कालवणाचा थेंब पानावर पडला. कुठलं पान वाचतोयस विचारलं तर म्हणाला, क्लचचं. ताकीद दिली. मॅन्युअल ऑफिसच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडं.

तंबाखू एकदाच. टेन्शन होतं.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

फॉल्ट सापडला.

मॅन्युअल चाळताना चित्रात दिसलं, सीटखाली एक स्विच आहे. माणूस सीटवरून उठला की इंजिनच बंद पडावं, अशी सोय. आता सगळं उघड आहे. भारतचं वजन एक्कावन्न किलो. (धान्याच्या काट्यावर केलं.) फॉरेनचं सीट फॉरेनच्या माणसाच्या वजनाचं. वीस मिनिटांनी हा हलका बसतो नि स्विच सुटतो.

भारत म्हणाला, स्विच सुटला तर इंजिन बंद पडंल साहेब. इथं इंजिन चालू राहतंय, पातीच तेवढी थांबत्यात. मी म्हणालो, वाद नको. मांडीवर सिमेंटची अर्धी गोणी देऊन बसवला.

वीस मिनिटं.

गुरुवार, २१ ऑक्टोबर

खंडेनवमी. मशीनला झेंडूचा हार, हळदकुंकू. नकुशीनं नारळ फोडला आणि मागं सरून उभी राहिली. म्हणाली, सायेब, ह्या यंत्राचं मला बरं वाटत न्हाई. बंद पडलं म्हंजी झोपल्यावानी वाटत न्हाई, ऐकत बसल्यावानी वाटतं.

मी हसलो. भारत हसला नाही. त्याला उद्या विहारातल्या कार्यक्रमासाठी सुट्टी पाहिजे होती, दिली.

मंगळवार, २६ ऑक्टोबर

भारतनं क्लच उतरवून दिला. गोणपाटात बांधून गाडीवर चौफुल्यावरून न्हावऱ्याला घेऊन गेलो. तिथं मच्छिंद्र म्हणून मोटार रिवाइंडिंगवाला आहे, नदीकाठच्या निम्म्या पंपांच्या मोटारी त्याच्याकडं येतात. ठरवून गेलो होतो, कॉईल नवीन भरून घ्यायची.

त्यानं मीटर लावलं. म्हणाला, कॉईल चांगली हाय, हिला हात लावू नका. मग क्लच उजेडात धरून मला दाखवलं. हे घासलंय आप्पा, मधली फट वाढलीय. थंड हाय तवर मॅग्नेट वढतंय. तापलं की जोर कमी पडतो, मग येवढ्या लांबून वढत न्हाई. निवलं की परत वढतंय. हे तीन नट हायेत, ते सारखे आवळा, फट कमी करा, झालं.

तीन नट! फॉरेनचं मशीन, महिनाभराचा माझा अभ्यास, आणि हा म्हणतो तीन नट. पंपाच्या मोटारीपलीकडं जग पाहिलं नाही की असं होतं. पैसेही घेतले नाहीत, वर चहा पाजला. खात्री नसलेला माणूसच पैसे घेत नाही.

परत आल्यावर भारतनं विचारलं, काय म्हणाले मच्छिंद्रदादा? म्हणालो, विशेष काही नाही.

सोमवार, १ नोव्हेंबर

गवत घोट्याच्या वर आलंय. कंपाउंडच्या कडेनं हराळी माजलीय. पोपटराव मंडपवाल्याला घेऊन आले होते. लॉनकडं बघत उभे राहिले. जाताना म्हणाले, शंकरराव, होईल ना? शंभर टक्के, म्हणालो.

लगेच निर्णय घेतला. सीटखालच्या स्विचची भानगडच नको. त्याच्या दोन्ही वायरी सोलून एकमेकींना पीळ दिला, वर टेप. आता माणूस उठो की बसो, मशीन चालूच.

भारत बराच वेळ त्या टेपकडं बघत होता. म्हणाला, साहेब, कंपनीनं तो स्विच उगाच दिला नसंल. कुरकुंभला असं कुणी केलं असतं तर त्याला गेटबाहेर काढला असता. मी म्हणालो, हे कुरकुंभ नाही.

वीस मिनिटांनी पाती थांबली. पण इंजिन थांबलं नाही. म्हणजे माझं काम यशस्वी. क्लचचा विषय वेगळा.

शनिवार, ६ नोव्हेंबर

महत्त्वाचा दिवस.

सकाळी अकराला पाती थांबली. मी म्हणालो, राहू दे, इंजिन बंद करू नको, बटणही वरच असू दे, चहा घेऊन येऊ. तिघंही शेडमध्ये बसलो. मशीन लॉनच्या मधोमध उभं, एकटंच फुरफुरत होतं. सात-आठ मिनिटं झाली असतील. कट् असा आवाज आला आणि पाती आपली आपण फिरायला लागली. सीटवर कुणी नाही, जवळ कुणी नाही, खालून हिरवा भुसा उडतोय.

नकुशीच्या बशीतला चहा सांडला. भारत पळत गेला, लांबूनच हात घालून चावी काढली. चावी खिशात घालून येऊन बसला. म्हणाला, आता त्याच्यापाशी कुणी असतं तर?

मला मात्र आनंद झाला. आधी अर्धा तास लागायचा. आता आठ मिनिटांत मशीन स्वतःहून बरं होतं. ह्याला म्हणतात प्रगती. तक्त्यात नवीन रकाना आखला, 'स्वयंचलित सुरुवात'.

भारतला म्हणालो, तू नेहमी वाईट बाजू बघतोस.

सोमवार, ८ नोव्हेंबर

नकुशीला नवीन भाषा सुचलीय. मशीन थांबलं की म्हणते, वासलं तोंड. भारतनं तिला शिकवलंय, चावी कुठं, डावीकडं फिरवली की बंद कशी होते. माझी परवानगी न घेता. बाईमाणसाला मशिनरी शिकवून काय उपयोग.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. घरी. मालन म्हणाली, तुमचं लक्ष कुठंय, करंजी हातात धरून बसलाय. मी तिला क्लचची थिअरी समजावून सांगितली. ती अर्ध्यातून उठून गेली, दूध उतू जात होतं म्हणे.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

सुट्टीत गवत फार वाढलं. राहूकडच्या गुऱ्हाळांचा धूर सकाळी हायवेपर्यंत येतो, त्यात लॉन दिसतच नाही, नुसता लाल ठिपका दिसतो. बारा दिवस राहिले. अर्धा एकर झालंय, तेही पट्ट्यापट्ट्यानं. लांबून पाहिलं तर केस कापताना न्हावी पळून गेल्यासारखं दिसतं.

दुपारी डेकच्या तोंडाशी गवत गच्च बसलं. पाती थांबलेली. भारत ऑफिसात पाणी प्यायला गेला होता. मी नकुशीला म्हणालो, तू काढ. ती हात घालायला तयार नाही, लांबून दाताळ्यानं ओरबाडायला लागली. तेवढ्यात कट्. दाताळ्याचा बांबू आत ओढला गेला. चार तुकडे झाले. एक तुकडा कंपाउंडच्या पत्र्यावर जाऊन आदळला, आवाज हायवेपर्यंत गेला असेल. नकुशीच्या हातात वीतभर दांडा राहिला.

ती तिथंच गवतात बसली. तासभर उठली नाही. हा कामचुकारपणा.

बांबू किडका असणार. स्टॉक रजिस्टरला लिहिलं: दाताळं, नग एक, किडकं, बाद.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

भारतनं काम नाकारलं. माझ्या तोंडावर. आवाज चढवला नाही, उलट दोन पावलं मागं उभा राहून बोलला, म्हणून जास्त लागलं. म्हणाला, सीटची वायर सोडा साहेब, मी लगेच बसतो. न्हाईतर विळा द्या, मी आन् मावशी तीन एकर हातानं कापू, आमच्या आळीतली चार माणसं बोलवू. पर ह्या मशीनवर बसणार न्हाई, आन् मावशीला बी त्याच्या जवळ जाऊ देणार न्हाई.

हातानं! दीड हजार माणसांसमोर पोपटरावांनी काय सांगायचं, ट्रॅक्टर शोभेला ठेवलाय?

भारतला पार्किंगला चुन्याची फक्की मारायला लावला. पोपटरावांना सांगितलं, माणसात आत्मविश्वास नाही. ते म्हणाले, मग गवत कोण कापणार? मी म्हणालो, मी आहे ना.

तंबाखूचा हिशोब ठेवणं सोडलं. त्यानंच टेन्शन वाढतं.

रविवार, २१ नोव्हेंबर

स्वतः बसलो. माणूस उंचीवर बसला की दृष्टीच बदलते. पार्किंगमधून भारत बघत होता. बघू दे.

कंपाउंडच्या कडेला हराळीत घोणस होती. मला दिसली नाही, पात्यांनी केलं. तीन तुकडे. नकुशीनं फावड्यानं उचलून लांब पुरले.

सोमवार, २२ नोव्हेंबर

नवी पद्धत बसवली. वीस मिनिटं कापायचं. पाती थांबली की मी सीटवरच बसून राहायचं, नकुशीनं ओलं गोणपाट वाकून क्लचवर टाकायचं. चर्र करून वाफ निघते. पाच मिनिटांत कट्. परत वीस मिनिटं. दिवसाला चौदा फेऱ्या बसतात. आता ही पद्धत पेटंट करण्यासारखी आहे.

नकुशी गोणपाट टाकताना मान फिरवते आणि लगेच मागं उडी मारते. पदर नीट खोचत नाहीस म्हणून मीच तिला रागावलो. सेफ्टी म्हणजे सेफ्टी.

मंगळवार, २३ नोव्हेंबर

दीड एकर झालं. दीड राहिलं. पोपटरावांच्या घरी पाहुणे यायला लागले. प्रांजल स्वतः येऊन बघून गेली. म्हणाली, काका, स्टेजसमोरचं तरी नीट होईल ना? पोरीला वचन दिलं.

क्लचला जळका वास येतो. नवीन मशिनरीला वास असतोच.

संध्याकाळी निघताना भारत गाडीपाशी आला. जयभीम साहेब, म्हणाला, एक विचारू? ती कपाटाची किल्ली एक दिवस द्या. मला ते पान परत वाचायचंय. मी म्हणालो, लग्नानंतर बघू.

बुधवार, २४ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

शेडमध्ये बसून लिहितोय. बाहेर इंजिन गरम करायला ठेवलंय. दव फार पडलंय, धुकं आहे, उसाच्या गाड्यांचे आवाज येतात पण गाड्या दिसत नाहीत. भारत सांगून गेला, ऊन येऊ द्या, ओलं गवत डेकखाली गच्च बसतं. फक्कीवाल्यानं फक्कीचं बघावं.

मन एकदम स्वच्छ आहे. आज दुपारपर्यंत स्टेजसमोरचं संपवतो, उद्या उरलेलं. संध्याकाळी पोपटरावांना लॉनवर अनवाणी चालवायचं ठरवलंय. नकुशी लांब उभी आहे, हाक मारली तरी येत नाही. तिला आज जरा धारेवर धरणार.

बाकी संध्याकाळी लिहितो.

गुरुवार, २ डिसेंबर

हे मी लिहितेय, मालन, यांची बायको. यांच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी आहे. हे पलंगावर बसून सांगतायत, मी उतरवून घेतेय. मी सातवी झालेली आहे, अक्षर चांगलं आहे.

हे सांगतायत ते असं. 'बुधवारी सकाळी सव्वाआठ वाजता मशीनमध्ये अचानक तांत्रिक बिघाड झाला. मी इन्चार्ज म्हणून बिघाडाची पाहणी करत असताना पाती अचानक सुरू झाली.' अचानक शब्द दोनदा लिहायला सांगितलाय.

मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट पहिल्या पेरापासून गेलं. अंगठ्याजवळच्या बोटाला सात टाके आहेत, ते राहील म्हणतात. हे सहा दिवस दवाखान्यात होते. रोजनिशी पिशवीत होती, पिशवी पोपटरावांच्या सुमोत होती, ती काल आली.

आज सकाळी भारतभाऊ आणि नकुशाबाई भेटायला आले होते. लग्नातली बुंदी आणली होती. लग्न चांगलं झालं म्हणे. लॉनचं सगळ्यांनी कौतुक केलं. हे म्हणाले, कसं काय झालं, दीड एकर राहिलं होतं. भारतभाऊंनी बुंदीचा पुडा खाली ठेवला. मग म्हणाले, पोपटरावांनी कपाटाचं कुलूप तोडायला लावलं, मॅन्युअलमधलं पान वाचलं, क्लचची फट वाढली होती. लग्नपत्रिकेचा जाड कागद फटीत घातला, तो जेमतेम सरकंल इतके तीन नट आवळले. दहा मिनिटं लागली. त्याच्या आधी सीटची वायर सोडवली. मग दीड एकर एका दिवसात झालं, मशीन एकदा पण थांबलं नाही.

हे म्हणाले, मालन, लिही, सदर दुरुस्ती शंकररावांच्या प्राथमिक तपासाच्या आधारे करण्यात आली. लिहिलं.

भारतभाऊ जाताना दारात थांबले. त्यांनी विचारलं, साहेब, न्हावऱ्याला मच्छिंद्रदादा नक्की काय म्हणाले होते? हे म्हणाले, आठवत नाही. भारतभाऊंनी मान हलवली आणि चपला घातल्या. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं मला.

नकुशाबाई आत चुलीपाशी येऊन बसल्या होत्या. मी चहा टाकला. त्यांना म्हटलं, तुमच्यामुळं यांचा हात राहिला, तुम्ही चावी फिरवली नसती तर काय झालं असतं. त्या म्हणाल्या, भारतनं शिकवलं होतं म्हून. पदर फाडून बांधला यांच्या हाताला, तो सुटून पडला तर परत बांधला. सुमो गेल्यावर अर्धा तास गवतात बोटं हुडकत होत्या. सापडली नाहीत. असं सांगताना त्या कप दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या, पीत नव्हत्या.

मग म्हणाल्या, ताई, तुमाला म्हून सांगते. पाती थांबलेली. खाली वलं गवत गच्च. सायेब वर बसल्यालं. म्हनले, नकुशी, हात घाल, उपस समदं. म्या म्हनलं, आदी चावी फिरवा. म्हनले, चावीला हात लावायचा न्हाई, पाती बंद हायेत, दिसत न्हाई का तुला. म्या म्हनलं, दाताळ्याचं काय झालं ते दिसलं मला. म्हनले, हात घाल न्हाईतर उद्यापासनं येऊ नको. म्या न्हाई घातला, ताई. मागं सरले. न्हाई आले उद्यापासनं तर न्हाई आले. मंग सायेब चिडून खाली उतरलं आन् म्हनले, बघ, काय होतंय ते बघ. आन् सोताच घातला.

त्यांच्या दोन्ही हातांत हिरवी काकणं होती, लग्नात भरलेली. मी तीच बघत बसले. यांच्यासाठी दुसरा चहा ठेवला होता, तो उतू गेला ते कळलं नाही.

त्या गेल्यावर मी वही घेऊन यांच्याजवळ येऊन बसले. यांनी सांगितलं ते वर लिहिलंच आहे. मग मी विचारलं, नकुशाबाईंना आधी हात घालायला सांगितला होता का तुम्ही?

हे भिंतीकडं तोंड करून बसले. मी बाहेर जाऊन कपडे वाळत घालून आले, तरी तसेच. पोपटरावांचा निरोप आला होता की बरं वाटलं की या, गेटवर गाड्या लावून घ्यायला माणूस पाहिजे. तो सांगितला.

मग एकदम म्हणाले, ती बाई सगळं बोलली का?

मी म्हटलं, हो.

यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. डाव्या हातानं पुसायची सवय नाही, पट्टीच वर नेली, ती दुखली. मी पदरानं पुसलं. म्हणाले, मालन, ते तेवढं वहीत लिहू नको.

तोवर माझं लिहून झालं होतं.